प्लसची गाडी मायनसवर

सकाळी ८

उद्यमनगरात आमच्या गल्लीतले लेथ सुरू व्हायच्या आधीची शांतता मला वायरिंगच्या कामाला हवी असते. इंधनाचा पंप टिकटिकतोय का, रिले चिकटतोय का, हे कानांनी ऐकायचं असतं, आणि नऊनंतर कोल्हापुरात या भागात स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही.

शटरच्या आत १९५९ची मॉरिस मायनर १००० उभी आहे. करड्या रंगाची, चार दारांची, ९४८ सीसी. डॉक्टरबाईंच्या वडिलांची गाडी. बाई स्वतः आता सत्तरीला टेकल्यात, पण गाडी अजून स्वतःच चालवतात. गाडी माझ्याकडे यायचं कारण मात्र बिघाड नाही. गेल्या महिन्यात हायवेवर त्यांची बॅटरी उतरली. एक सज्जन जीपवाला थांबला, जंप केबल काढली आणि हल्ली सगळे शिकवतात तसं केलं: लाल चिमटा बॅटरीच्या प्लसवर, काळा चिमटा इंजिनाच्या लोखंडावर. त्याचं काही चुकलं नव्हतं. पण या गाडीत बॅटरीचा प्लसच बॉडीला जोडलेला. म्हणजे त्याचे दोन्ही चिमटे एकाच लोखंडावर बसले आणि जीपची बॅटरी थेट शॉर्ट झाली. केबलचं रबर वितळलं, धूर निघाला, बाईंच्या हाताला काही झालं नाही हे नशीब.

म्हणून आज ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची निगेटिव्ह अर्थ करायची. विजेला याची काही गरज नाही. पासष्ट वर्षं ती उलट्या बाजूने बिनतक्रार वाहिली. गरज आहे ती गाडीच्या आसपास येणाऱ्या माणसांची, कारण त्यांच्या हाताला आता एकच सवय उरली आहे.

सव्वाआठ

पाना हातात घ्यायच्या आधी कागद. बारक्या, माझा हाताखालचा पोरगा, वीज वापरणारी प्रत्येक वस्तू मोठ्याने वाचतो आणि मी समोर लिहितो: हिला दिशा कळते की नाही.

हेडलाइट, साइड लाइट, मागचे दिवे, डॅशबोर्डचा लाल दिवा. बल्बची तार तापते, तिला दिशा कळत नाही. हॉर्नलाही नाही. दारांच्या मधल्या खांबातून बाहेर येणारे सिग्नलचे हात, म्हणजे ट्रॅफिकेटर, यांच्यात एक गुंडाळी लोखंडी दांड्याला ओढते. लोखंड दोन्ही दिशांनी ओढलं जातं. (मायनरवर हे हात १९६१पर्यंत होते, मग लुकलुकणारे दिवे आले. बाईंच्या गाडीचे दोन्ही हात अजून उठतात. डावा थोडा विचार करून उठतो.) पंप एसयू कंपनीचा, जुन्या पॉइंटवाला, त्यालाही चालतं. पण पुढेमागे कुणी आत डायोड असलेला नवा पंप बसवला तर चालणार नाही. हे मी वेगळ्या रंगात लिहिलं.

मग सेल्फ.

"मामा, प्लस-मायनस फिरवलं तर सेल्फ उलटा फिरंल की ओ!"

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, इंजिनिअरिंगची पोरंही. मी बारक्याला जुना उघडलेला सेल्फ काढून दिला. यात कायमचा चुंबक नाही. बाहेरच्या बाजूला फील्डच्या गुंडाळ्या, आत आर्मेचर, आणि दोघांतून एकच करंट एकापाठोपाठ जातो. बॅटरी उलटी केली की फील्डचं चुंबकत्व उलटतं आणि आर्मेचरचा करंटही उलटतो. दोन्ही उलटले की फिरणं पहिल्यासारखंच. उलटं फिरवायचं असेल तर दोघांपैकी एकालाच उलटं करावं लागेल. वायपरच्या मोटरचंही तेच, कारण तिच्यातही गुंडाळीचं फील्ड आहे. नंतरच्या काळातल्या, आत चुंबक चिकटवलेल्या छोट्या मोटरी मात्र खरोखर उलट्या फिरतात. पंखा वारा ओढायच्या ऐवजी ढकलायला लागतो आणि मालक म्हणतो, मिस्त्रीने पंखा खराब केला.

यादीच्या शेवटी तीन गोष्टी उरल्या: बॅटरीची टोकं, कॉइल आणि डायनामो. दिवसभराचं काम एवढंच. बाकीच्या पंधरा-वीस वस्तूंना हात लावायचा नाही, आणि ते न लावणं बारक्याला सर्वांत अवघड जातं.

साडेनऊ

चहा आला, डॉक्टरबाईही आल्या. "मिस्त्री, मुळात इंग्रजांनी उलटं का केलं होतं?"

उलटं नव्हतंच. तिशीच्या दशकाच्या आधी बऱ्याच इंग्रजी गाड्यांत मायनसच बॉडीला असायचा. त्या दशकाच्या मध्यावर बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीच्या मागोमाग बहुतेक ब्रिटिश गाड्या प्लसवर गेल्या. कारणं दोन सांगितली जात: टर्मिनल आणि वायरी कमी गंजतात, आणि प्लगच्या ठिणगीला ते सोयीचं. पहिल्यातलं तथ्य मला आजवर दिसलेलं नाही. दोन्ही प्रकारच्या गाड्यांच्या टर्मिनलवर मी सारखीच निळी-पांढरी पूड खरवडली आहे. दुसरं कॉइलची दोन टोकं बदलून साधता येतं, त्यासाठी अख्खी गाडी फिरवायची गरज नाही. अमेरिकेतही एकमत नव्हतं. फोर्ड १९५५पर्यंत सहा व्होल्टची आणि प्लस बॉडीला, शेव्हरोले मायनसवर. पुढच्या वर्षी फोर्डने बारा व्होल्ट घेतले आणि मायनसही घेतला. इंग्लंडात साठीच्या उत्तरार्धात हे बदललं. एमजीबी १९६७च्या अखेरीस मायनसवर आली, आणि त्याच वेळी तिचा डायनामो जाऊन अल्टरनेटर आला. अल्टरनेटरमध्ये डायोड असतात, डायोडला दिशा असते. तिथून जगाने एक बाजू ठरवली.

बाईंनी विचारलं, यामुळे गाडीचं जुनेपण जातं का? काही संग्राहक तसं मानतात आणि त्यांच्या गाड्यांना मी हात लावत नाही. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ साली 'व्हीए' अक्षरांच्या नंबरपाटीचे नियम केले, त्यांतही अट आहे ती चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठी फेरफार नसल्याची. दोन टर्मिनल फिरवणं त्यात बसत नाही. शिवाय हे काम परत उलटता येतं, तेही एका सकाळीत. प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीला मी नको म्हणेन. रस्त्यावर जाणाऱ्या गाडीला हो म्हणेन.

दहा

बॅटरी काढली. मायनरमध्ये ती बोनेटखाली, इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर बसते, त्यामुळे पाठ वाकवावी लागत नाही. ही या गाडीची मला आवडणारी गोष्ट.

"मायनस आधी काढायचा," बारक्या पाठ केल्यासारखं म्हणाला.

इथेच ते पाठांतर धोक्याचं आहे. नियम मायनसचा नाही, बॉडीच्या वायरीचा आहे. आधी बॉडीची वायर सोडायची, म्हणजे नंतर दुसऱ्या टोकावर पाना फिरवताना तो चुकून पत्र्याला टेकला तरी काही होत नाही. या गाडीत बॉडीची वायर प्लसवर, म्हणून आज प्लस आधी. दुपारी बॅटरी परत बसवताना तीच वायर सर्वांत शेवटी, पण तेव्हा ती मायनसवर असेल. बारक्याने दोनदा म्हणून घेतलं.

बॅटरीचे दोन शिशाचे खुंट सारखे नसतात. प्लसचा वरचा व्यास १७.५ मिलिमीटर, मायनसचा १५.९. फरक दीड मिलिमीटरचा, पण तो मुद्दाम ठेवलेला आहे, जोडणाऱ्याने चूक करू नये म्हणून. आता वायरींची जागा बदलणार, म्हणून बॉडीच्या वायरीचा मोठा क्लँप मायनसच्या बारीक खुंटावर डुगडुगणार आणि लाइव्ह वायरीचा छोटा क्लँप प्लसवर चढणारच नाही. काही जण खुंटावर कथिलाचा पत्रा गुंडाळतात, काही क्लँप कानशीने मोठा करतात. दोन्ही मी करत नाही. जुने क्लँप कापले, वायरीचं तांबं चकाकेपर्यंत घासलं, नवे पितळी क्लँप सोल्डर केले. बॉडीची वायर जिथे पत्र्याला बोल्टने लागते तिथला रंग खरवडला, दाते असलेला वॉशर घातला, वरून ग्रीस. बॅटरीच्या पेटीत गरम पाण्यात सोडा घालून ओतला तेव्हा ती फेसाळली. म्हणजे आम्ल सांडलं होतं, आणि तिथला पत्रा अजून शाबूत आहे हे नवल. वायरी पुरणार नव्हत्या म्हणून बॅटरी अर्धा फेरा फिरवून बसवायची, हे आता मापून ठेवलं. जोडायची नाही अजून.

वायरिंगच्या रंगांना हात लावला नाही. लुकासच्या पद्धतीत तपकिरी वायर बॅटरीची लाइव्ह, काळी बॉडीची, पांढरी चावीनंतरची. ते सगळं अजूनही खरं आहे. काळी कालही बॉडीची होती, उद्याही बॉडीचीच. फक्त बॉडी आता मायनस आहे. खरं तर या गाडीच्या सुती वेष्टणाच्या वायरी इतक्या जुन्या आहेत की सगळ्याच तपकिरी झाल्यात.

साडेअकरा

कॉइल. तिच्यावर 'एसडब्ल्यू' आणि 'सीबी' अशी दोन टोकं. पहिलं चावीकडचं, दुसरं डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटकडचं. या दोघांच्या वायरी आपापसात बदलायच्या. पाच मिनिटांचं काम, आणि हेच लोक सोडून देतात, कारण सोडलं तरी गाडी चालते.

न बदलल्यास काय होतं? कॉइलच्या आत बारीक तारेची दुसरी गुंडाळी पहिल्या गुंडाळीला जोडलेली असते, म्हणून ठिणगीची दिशा या दोन टोकांवर ठरते. प्लगचं मधलं टोक चालू इंजिनात सर्वांत तापलेलं असतं, आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. ते टोक मायनस असेल तर ठिणगी कमी व्होल्टवर उडते. कॉइल उलटी राहिली तर इलेक्ट्रॉनला बाहेरच्या, थंड टोकावरून उडी मारावी लागते. गावात, रिकाम्या गाडीत कळतही नाही. पण प्लगची फट झिजून वाढली, गाडीत चार माणसं बसली, समोर चढ आला, की इंजिन अडखळतं. मग मालक कार्ब्युरेटर साफ करून घेतो, पेट्रोल बदलतो, पॉइंट बदलतो. कॉइलकडे कुणी बघत नाही.

बदलली. टोकांवर प्लस-मायनसचे रंगीत ठिपके लावले. कंडेन्सरला दिशा नाही, तो तसाच.

पाऊण

मायनर १०००ला अँपिअर मीटर नाही, चार्जिंगचा नुसता लाल दिवा आहे, त्यामुळे एक काम वाचलं. ज्या गाड्यांना मीटर असतो त्यांत त्याच्या मागच्या दोन वायरी बदलाव्या लागतात, नाहीतर बॅटरी भरत असताना काटा 'उतरतेय' दाखवतो.

एक

जेवण. मध्ये एक रिक्षावाला हॉर्न दाखवायला आला, एक ट्रॅक्टरवाला डायनामो टाकून गेला. भाकरी खाताना दोघांशी बोललो.

दोन

आता दिवसातलं खरं काम. डायनामोला जुनी दिशा आठवते, ती पुसायची.

डायनामो चालू होताना स्वतःची वीज स्वतःच्या फील्डला पुरवतो. पण पहिल्या क्षणी वीज नसते. मग सुरुवात कुठून? आतल्या लोखंडी पोल शूंमध्ये गेल्या वेळचं थोडं चुंबकत्व उरलेलं असतं. पट्टा फिरला की त्या उरल्यासुरल्या चुंबकत्वावर थोडे व्होल्ट तयार होतात, ते फील्डला जातात, चुंबकत्व वाढतं, व्होल्ट वाढतात. त्यामुळे गेल्या वेळी ज्या दिशेने बंद झाला त्याच दिशेने तो पुन्हा सुरू होणार. बॅटरी तुम्ही फिरवलीत, हे त्याला माहीत नाही.

तसाच सुरू केला तर? याच्या कंट्रोल बॉक्समध्ये, आरबी १०६ मध्ये, दोन गुंडाळ्या आहेत, एक रेग्युलेटरची, एक कट-आउटची. डायनामोचे व्होल्ट १२.७ ते १३.३च्या दरम्यान पोचले की कट-आउट चिकटतो आणि डायनामो बॅटरीला जोडला जातो. कट-आउटला दिशा कळत नाही, तो उलट्या व्होल्टवरही चिकटेल. मग एका बाजूला प्लस साडेबारा, दुसऱ्या बाजूला उलटे तेरा, आणि मध्ये जाड वायर. पंचवीस व्होल्टांच्या वर फरक, अडवायला काही नाही. पॉइंट वितळून एकमेकांना चिकटतात, मग जळतात. असे जळलेले बॉक्स मी कपाटात ठेवलेत, नव्या पोरांना दाखवायला.

बॉक्स स्वतः मात्र बदलायचा नाही, लुकासचा हा दोन्ही बाजूंनी चालतो. सहा व्होल्टच्या काही अमेरिकन गाड्यांच्या रेग्युलेटरवर मात्र कुठल्या अर्थचा ते कोरलेलं असतं, तिथे वाचूनच पुढे जायचं.

आधी डायनामोची तपासणी: ब्रश अर्धे उरलेत, चालतील. कॉम्युटेटर काळवंडलेला, बारीक पॉलिश पेपरने साफ केला. फील्डचा रेझिस्टन्स मीटरवर सहा ओहमच्या आसपास, म्हणजे गुंडाळी चांगली. मोठं 'डी' टोक आणि छोटं 'एफ' टोक, दोन्हींच्या वायरी सोडल्या. बॅटरी नव्या दिशेने ठेवली, प्लसची लाइव्ह वायर आधी, मायनसची बॉडीवायर शेवटी. ठिणगी नाही, म्हणजे कुठे गळती नाही.

मग बॅटरीच्या प्लसवरून एक वायर घेतली आणि 'एफ'वर दोन-दोन सेकंद चार-पाचदा टेकवली. सहा ओहममधून बारा व्होल्ट म्हणजे दोन अँपिअर. सोडताना छोटी निळी ठिणगी उडते. एवढ्यात पोल शूंचं चुंबकत्व नव्या दिशेने बसतं.

बारक्याचा विश्वास बसेना. म्हणून पट्टा सैल केला, 'डी' आणि 'एफ' एका वायरीने जोडले आणि त्यावर प्लस दिला. डायनामो मोटर होऊन सावकाश फिरू लागला, इंजिन ज्या दिशेने फिरवतं त्याच दिशेने. "सेल्फसारखंच की," तो म्हणाला. हो, आणि ही चाचणी दुसरं काही न करता डायनामोची तब्येतही सांगते. अडखळत फिरला असता तर बाहेर काढावाच लागला असता. नीट फिरला. वायरी परत जोडल्या, पट्टा ताणला.

साडेतीन

चावी फिरवली, पंप टिकटिकला आणि भरल्यावर थांबला. या गाडीत किल्लीने सेल्फ लागत नाही, डॅशबोर्डवरचा 'एस'चा खटका ओढायचा. बाईंनी ओढला. सेल्फ सरळ फिरला. बारक्याने माझ्याकडे बघितलं नाही.

इंजिन लागलं. लाल दिवा चालू, म्हणजे आयडलवर डायनामो अजून जागा नाही, तेही बरोबर. रेस वाढवला, दिवा फिका झाला, विझला. बॅटरीवर मीटर: आधी साडेबाराच्या खाली होतं, आता १३.९. हेडलाइट लावल्यावर थोडं खाली आलं आणि टिकून राहिलं.

कॉइलची खात्री अजून बाकी. एका प्लगची वायर काढून तिच्या आणि प्लगच्या मधल्या फटीत लाकडी पेन्सिलीचं टोक धरलं, इन्सुलेटेड पकडीने. ठिणगी शिशाला लागते आणि एका बाजूला नारिंगी पंखा फुलतो. तो प्लगच्या बाजूला फुलला तर कॉइल बरोबर, वायरीच्या बाजूला फुलला तर उलटी. प्लगच्या बाजूला होता.

साडेचार

बाई म्हणाल्या, "मिस्त्री, पन्हाळ्याला जाऊन येऊ." चढ हवाच होता.

सुमारे वीस किलोमीटर. वाघबीळपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही, सगळे ऐकत होतो. वळणांनंतर चढ लागला, बाईंनी तिसरा टाकला आणि मुद्दाम पेडल दाबलं. एकदाही अडखळली नाही. मी मागे बसून मीटरकडे बघत होतो. चढावर इंजिन जोरात म्हणून १४ च्या जवळ, वरच्या गर्दीत थांबलो तेव्हा खाली. डायनामोच्या गाडीत संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये हेडलाइट, वायपर आणि हॉर्न एकदम चालवणं परवडत नाही. हे पोलॅरिटी फिरवून सुटत नाही, त्याला अल्टरनेटर लागतो. बाईंनी तो नको म्हटलं.

सहा

उरलेली कामं. मोबाइलच्या चार्जिंगचं सॉकेट बसवलं, ज्यासाठी बाईंच्या नातवाने वर्षभर हट्ट धरला होता. पूर्वीच्या जोडणीत हे बसवता आलं नसतं. सॉकेटची बाहेरची कडी बॉडीला लागते, म्हणजे प्लसला, आणि चार्जर उलट्या व्होल्टने पहिल्याच दिवशी जळाला असता. या गाडीत फ्यूज दोनच आहेत, म्हणून सॉकेटला स्वतंत्र पाच अँपिअरचा फ्यूज वायरीतच घातला.

मग पाट्या. बॅटरीजवळ पितळी पट्टी, मराठीत आणि इंग्रजीत: निगेटिव्ह अर्थ, खाली आजची तारीख. कॉइलवर एक, कंट्रोल बॉक्सवर एक. प्लसच्या क्लँपला लाल रबरी टोपी. डॅशबोर्डच्या कप्प्यात गाडीचं जुनं पुस्तक आहे, त्यातल्या वायरिंगच्या नकाशात अजून प्लसच बॉडीला दाखवलेला. त्या पानावर लाल शाईने लिहिलं. बाई म्हणाल्या, पुस्तकावर कशाला? कारण पुढचा मिस्त्री पुस्तकावर विश्वास ठेवेल, आणि आता पुस्तकच चुकीचं आहे.

बिल लिहिलं. सामान: दोन क्लँप, थोडी वायर, सॉकेट, फ्यूज, पट्टी. मजुरी पूर्ण दिवसाची. बाईंनी सामानाच्या आकड्याकडे बघून हसत विचारलं, "एवढ्याशा वस्तूंना अख्खा दिवस?" मी सकाळचा कागद दाखवला, ज्यांना हात लावला नाही त्यांची यादी.

निघताना त्यांनी डिकी उघडली. वडिलांचा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ, फडक्यात गुंडाळलेला. हाही लावून द्या म्हणाल्या. उलटा करून बघितला तर तळाला पॉझिटिव्ह अर्थ असा शिक्का, आणि पत्र्याचं खोकं आतून प्लसला जोडलेलं. गाडीत स्क्रू घट्ट केला की जळणार. आतून वेगळा करता येतो का, हे खोकं उघडल्यावर कळेल. ठेवून घेतला, कागदाची चिठ्ठी चिकटवली, आणि बाईंना सांगितलं की सोमवारी फोन करा, तोवर नातवाला याचं काही सांगू नका.